लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट घरी बदलताना: शेवटचे बोल्ट गाडीचं वजन चाकावर आल्यावरच

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास आमची गाडी बोलायला लागली. अंबाजोगाईहून गावाकडं जाताना रस्त्याला लाटा आहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचं डांबर बिचारं तिच्या मर्जीनं वरखाली होतं. गाडीच्या डुलण्याची सवय होतीच, पण आता प्रत्येक लाटेला डाव्या चाकाकडून ‘कट’ असा एकच आवाज यायचा. आई मागं बसली होती, म्हणाली, “गाडीचे गुडघे वाजायलेत बघ.”

मी आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड केलाय, पोट मात्र दुसऱ्या धंद्यावर भरतं. दोन दिवसांनी गाडीखाली शिरलो तेव्हा आईचं निदान पटलं. डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश फाटून रबर बाहेर लोंबत होतं. राग याचा आला की तो बुश चारच महिन्यांपूर्वी एका गॅरेजात नवीन बसवून घेतला होता. माल बोगस निघाला म्हणून मी दुकानदाराशी भांडायच्या तयारीत होतो. ओळखीच्या मिस्त्रीमामांनी तो बुश हातात घेतला, फाटलेली बाजू फिरवून पाहिली आणि विचारलं, “भैय्या, बोल्ट आवळला तवा गाडी खाली होती का वर?”

वर होती. लिफ्टवर, चाकं लोंबकळत.

खोलणं, ठोकणं, बसवणं कुणालाही सरावानं जमतं. मामांचा प्रश्न मात्र फार थोड्या गॅरेजात विचारला जातो, म्हणून हा लेख. तो प्रश्न त्याच्या जागी येईलच. आधी सुरुवातीपासून घेऊ.

कुठला भाग काय करतो

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं मॅकफर्सन पद्धतीचं सस्पेन्शन असतं. वर शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र, खाली एकच आर्म. हा लोअर आर्म एका टोकाला गाडीच्या सांगाड्याला दोन रबरी बुशांवर लटकतो, दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंटमधून नकलला जोडलेला असतो. नकल म्हणजे चाकाचं हब आणि बेअरिंग ज्यात बसतं तो ओतीव लोखंडी भाग. बॉल जॉइंट खांद्याच्या सांध्यासारखा आहे. वाटीत गोळा, त्यावर ग्रीस, वरून रबराचं बूट. त्यामुळं चाक वरखालीही होतं आणि वळतंही.

बुश निराळा प्राणी आहे. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मध्ये दोन्हींना भट्टीत घट्ट चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी सांगाड्याला जखडली जाते, बाहेरची आर्मबरोबर हलते, आणि मधलं रबर पिळलं जातं. त्यात काहीही घसरत नाही, फिरत नाही. बिजागरीला तेल घालतात तसं याला तेल घालायचं नसतं. पिळणं हेच त्याचं काम. एवढं डोक्यात पक्कं ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आवाजावरून ओळख

छोट्या खडबडीत रस्त्यावर हळू चालताना भांड्याचं झाकण वाजल्यासारखी बारीक खडखड येत असेल तर आर्म खोलायच्या आधी स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या सळईची) लिंक रॉड, म्हणजे तिला जोडणारी छोटी दांडी, तपासा. दहातल्या निम्म्या वेळा गुन्हेगार तीच असते, आणि ती बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे. खड्ड्यात चाक पडताना किंवा गतिरोधक उतरताना एकच ‘कट’ किंवा ‘धप’ येत असेल, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल, रिव्हर्स घेऊन ब्रेक मारल्यावर खालून ठोका बसल्यासारखं वाटत असेल, तर बुशाकडं बघा. जागच्या जागी स्टिअरिंग फिरवताना जुनं दार उघडल्यासारखी करकर आली तर बॉल जॉइंट कोरडा झालाय, बहुतेक बूट फाटून आत पाणी आणि माती गेलीय. टायरची आतली कड एकीकडंच झिजलेली दिसली तर दोघांवरही संशय घ्या.

गतिरोधकाचा विषय निघालाच म्हणून सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणं तो ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे २५च्या वेगानं गाडी निवांत पार व्हावी. आपल्या गावांत कुणीतरी रात्रीतून सिमेंटचा वरवंटा आडवा टाकलेला असतो. बुशाचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजणारे लोक हे वरवंटे मोजत नाहीत.

आता हातानं तपासणी. पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६वर धरून आतबाहेर हलवा. ढिलाई जाणवली तर घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर व्हील बेअरिंग गेलंय, कारण ब्रेकनं हब आणि नकल एकमेकांना जखडले. ब्रेक दाबूनही हलतंय तर बॉल जॉइंट. ३ आणि ९वर धरून हलवताना खटखट आली तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा, बघा.

बॉल जॉइंटची शंका पक्की करायला लांब टॉमी (उचकायची लोखंडी पहार) आर्म आणि नकलच्या मध्ये घालून हलकेच उचका. मॅकफर्सनमध्ये गाडीचं वजन स्प्रिंगमधून वर जातं, खालच्या बॉल जॉइंटवर येत नाही, म्हणून चाक लोंबत असतानाही त्याचा ढिलेपणा दिसतो. गोळा वाटीत वरखाली होताना दिसला की विचार करायचा नाही, बदलायचा. बुशाला टॉमी लावून दाबलं की फट उघडते. वरवरच्या बारीक भेगा चालतात, पण रबर लोखंडापासून सुटलं असेल किंवा आतली नळी मध्यभाग सोडून एका बाजूला गेली असेल तर बुश संपला.

बुश गेला तर गाडी वाजते, टायर खाते, तरी चालते. बॉल जॉइंट सुटला तर चाक बाहेरच्या बाजूला दुमडतं आणि गाडी जागेवर बसते. धारूरच्या घाटात उसाची ट्रॉली समोर असताना हे व्हावं असं कुणालाच वाटणार नाही. तेव्हा बॉल जॉइंट ढिला सापडला तर ‘सण झाल्यावर बघू’ म्हणायचं नाही.

नुसता बुश, नुसता बॉल जॉइंट की अख्खा आर्म

हे तुमच्या गाडीवर आहे. काहींचा बॉल जॉइंट आर्मला दोन-तीन बोल्टनं जोडलेला असतो, तो सुटा बदलता येतो. काहींत दाबून बसवलेला असतो, त्याला प्रेस लागते. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो आर्मचाच भाग असतो, सुटा मिळत नाही. अशा वेळी अख्खा आर्म, दोन्ही बुश आणि बॉल जॉइंटसकट, तयार मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: गाडी लाखभर किलोमीटर चाललेली असेल आणि बुश आणि बॉल जॉइंट दोन्ही थकलेले असतील तर अख्खा आर्म घ्या. मला एका बाजूचा आर्म दीड-दोन हजारांच्या घरात पडला. बुश सुटे घेऊन प्रेसवाल्याकडं दोन चकरा मारण्यात दिवस जातो आणि बॉल जॉइंट जुना तो जुनाच राहतो. बुशच गेलाय, बॉल जॉइंट घट्ट आहे, बूट अखंड आहे, तर मात्र नुसता बुश बदलायला हरकत नाही.

दोन्ही बाजू एकदम बदला. एका बाजूला नवं ताठ रबर आणि दुसरीकडं जुनं मऊ, अशानं ब्रेक लावताना गाडी एकीकडं झुकते.

दुकानात पार्ट हातात घेऊन बघा. डावा-उजवा नीट तपासा, जुन्या आर्मच्या फोटोशी बोल्टची भोकं ताडा. नव्या बॉल जॉइंटचा दांडा हातानं फिरवायला जड गेला पाहिजे, आणि सगळीकडं सारखाच जड. लोण्यासारखा सैल फिरला तर तो पार्ट दुकानदाराच्याच काउंटरवर ठेवा. बूट मऊ हवं, घडीत भेग नको. वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याचं ऊन खाल्लेला माल नवीन खोक्यातूनही म्हातारा निघतो. नट आणि बोल्टही नवे घ्या, विशेषतः नायलॉनची कडी असलेले सेल्फ-लॉक नट आणि स्प्लिट पिन.

जागा आणि हत्यारं

काम सुरू करायच्या आदल्या रात्री सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी निम्मी भांडणं मिटलेली असतात.

जागा सपाट आणि कठीण हवी. आपल्या अंगणात बहुतेक ठिकाणी शहाबादी फरशी असते. ती दिसायला दगड असली तरी खाली पोकळ राहिली असेल तर जॅकच्या एका बिंदूवर सगळं वजन आलं की काडकन फुटते. जॅक आणि स्टँड, दोन्हींखाली जाड लाकडी फळी घाला. काळ्या मातीवर, मग ती कितीही वाळलेली दिसो, हे काम करायचं नाही.

दोन चांगले स्टँड, ट्रॉली जॅक, चाकाचा पाना, १२ ते २२ मिलिमीटरच्या गोट्या (सॉकेट), लांब दांडा, रिंग पाने, लांब टॉमी, दोन किलोचा हातोडा, तारेचा ब्रश, चष्मा. आणि टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना. तो नसेल तर ओळखीच्या गॅरेजातून दिवसापुरता मागून आणा, पण अंदाजपंचे आवळू नका. आकडे तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलेच घ्या; एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत ते वेगळे असतात. जुन्या पान्यावर किलोग्रॅम-मीटरच्या खुणा असतील तर १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन मीटर.

काहीही उचलण्याआधी एक माप घ्यायचं आहे आणि ते विसरायचं नाही. गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर उभी असताना पुढच्या चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. दोन्ही बाजूंचं मोजून दरवाजाच्या चौकटीवर पेन्सिलनं लिहून ठेवा. मामांच्या प्रश्नाचं उत्तर या मापात आहे.

खोलणं

गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग पुढून दोन्ही बाजू उचलून दोन्हींकडं सांगाड्याच्या मजबूत जागी स्टँड लावा. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि आर्मला वर ओढत राहतो. मग बोल्ट निघत नाहीत आणि माणूस गंजाला शिव्या देतो. स्टँडवर बसवल्यावर गाडीला हातानं जोरात धक्का देऊन बघा. नुसत्या जॅकच्या भरवशावर अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली जाता कामा नये. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा. स्टँड निसटला तर गाडी चाकावर पडेल, तुमच्या छातीवर नाही.

मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. एबीएसची तार आर्मला चिमट्यानं धरलेली असेल तर सोडवा. स्टॅबिलायझरची लिंक आर्मला असेल तर ती काढा. नटाबरोबर दांडाही फिरायला लागला तर त्याच्या टोकाच्या खाचेत अॅलन की धरून नट सोडा.

आता बॉल जॉइंट. नकलमध्ये तो दोन प्रकारे धरलेला असतो. पहिल्यात नकलला फट असते आणि आडवा बोल्ट ती फट आवळून दांड्याला पकडतो. इथं लोक फसतात. दांड्याला एक खाच असते आणि तो बोल्ट त्या खाचेतूनच जातो. म्हणून बोल्ट सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. नाहीतर आर्मवर उभं राहून नाचलात तरी दांडा सुटणार नाही. बोल्ट काढल्यावर फटीत तेल मारा, बोथट छन्नी हलकेच ठोकून फट केसभर उघडा. केसभरच. नकल ओतीव असतो. जास्त फाकवला की तडा जातो, आणि मग दोन हजाराचं काम कुठल्याकुठं जातं.

दुसऱ्या प्रकारात दांडा निमुळता असतो, वर खाचांचा कॅसल नट आणि स्प्लिट पिन. पिन काढा, नट सैल करा पण दोन-तीन आट्यांवर राहू द्या, म्हणजे सुटताना आर्म झटक्यानं खाली येत नाही. मग नकलच्या डोळ्याच्या बाजूवर, जिथं निमुळता भाग आत बसलेला असतो, तिथं हातोड्याचे दोन-चार खणखणीत ठोके द्या. दांड्याच्या आट्यांवर कधीही मारू नका. बाजूच्या ठोक्यानं डोळा क्षणभर ताणला जातो आणि दांडा स्वतःहून उडी मारतो. बॉल जॉइंट परत वापरायचा असेल तर दोन पात्यांचा काटा घालू नका, तो बूट फाडतो.

आर्म खाली दाबायला लांब पाइप घ्या, दांडा नकलमधून बाहेर येईल. या क्षणी नकल आणि शॉकअप मोकळे झोकांड्या खायला लागतात. नकल बाहेर ओढू नका. ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट गिअरबॉक्सकडून निसटू शकतो. तारेनं बांधून जागेवर ठेवा. ब्रेकच्या नळीवर ताण पडू देऊ नका.

शेवटी बुशांचे बोल्ट. पुढचा बहुतेक वेळा आडवा, मागचा गाडीप्रमाणं आडवा किंवा उभा, कधी वेगळ्या ब्रॅकेटमध्ये. बोल्ट बुशाच्या आतल्या नळीला गंजून चिकटला तर नट सुटतो पण बोल्टबरोबर रबरच पिळायला लागतं. बुश जाणारच असेल तर बिनधास्त पिळू द्या, तेल मारा, उलटसुलट फिरवत काढा. सांगाड्यातला वेल्ड केलेला नट सुटून आतल्या आत गरगरायला लागला तर मात्र तिथंच थांबा. ते काम गॅस कटर आणि वेल्डिंगवाल्याचं आहे.

बुश दाबणं

अख्खा आर्म बदलत असाल तर हा भाग सोडून द्या.

जुना बुश काढायच्या आधी आर्मवर मार्करनं खूण करा: बुशाचं तोंड कुठल्या दिशेला आहे, किती बाहेर आहे. मागच्या मोठ्या बुशात बऱ्याचदा रबरात पोकळ खाचा असतात, आणि त्या मुद्दाम एका विशिष्ट दिशेला ठेवलेल्या असतात. त्या दिशेनं चाक थोडं मागं सरकू शकतं, खड्ड्याचा धक्का जिरतो. ती दिशा चुकली तर बुश बसेल, गाडी चालेल, पण धक्का सरळ स्टिअरिंगमध्ये येईल.

आपल्याकडं एक पद्धत आहे: आर्म आगीवर धरायचा, रबर जाळून टाकायचं. मी लहानपणी गॅरेजात पाहिलीय, वास अजून नाकात आहे. तो धूर फुफ्फुसात जातो आणि पत्र्याचा आर्म तापून मऊ पडू शकतो. त्यापेक्षा हायड्रॉलिक प्रेस असलेल्या लेथवाल्याकडं जा, दहा मिनिटांचं काम. प्रेस नसेल तर मधलं रबर ड्रिलनं सैल करून आतली नळी काढा, मग बाहेरच्या नळीला आतून हॅकसॉच्या पात्यानं एक चीर पाडा. नळी आत दुमडून हातोड्यानं निघते. चीर आर्मच्या लोखंडात उतरू देऊ नका.

नवा बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला तर किंचित आकसतो, बसायला सोपा जातो. दाबताना जोर बाहेरच्या नळीच्या कडेवर आला पाहिजे; रबरावर किंवा आतल्या नळीवर दाब दिला तर बुश बसायच्या आधीच फाटेल. मापाची मोठी गोटी किंवा पाइपचा तुकडा वापरा. घसरायला हवं असेल तर साबणाचं पाणी. ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल, काहीही रबराला लावायचं नाही. खनिज तेलानं रबर फुगतं आणि सैल पडतं. बरेच जण प्रेमानं बुशाला ग्रीस चोपडतात. ते प्रेम महाग पडतं.

बसवणं

नवा आर्म जागेवर धरा, दोन्ही बुशांचे बोल्ट घाला आणि नट फक्त बोटांनी फिरवा. आर्म हातानं वरखाली सहज हलला पाहिजे. इथं पान्याला हात लावायचा नाही.

बॉल जॉइंटच्या दांड्यावरची प्लॅस्टिकची टोपी काढा. नकलमधलं भोक तारेच्या ब्रशनं स्वच्छ करा. फटीच्या प्रकारात दांड्याची खाच बोल्टच्या भोकासमोर आणा. बोल्ट हातानं सरळ आत गेला तर बरोबर, ठोकावा लागला तर खाच जुळलेली नाही. मग मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. निमुळत्या दांड्याला तेल-ग्रीस न लावता कोरडा बसवा, कॅसल नट टॉर्कला आणा आणि पिनचं भोक जुळलं नाही तर पुढं आवळून जुळवा, मागं सैल करून नाही. नवी स्प्लिट पिन घालून टोकं वळवा. हे आवळताना चाक लोंबत असलं तरी चालतं, कारण गोळा वाटीत मोकळा फिरतो. बुशाचं तसं नसतं.

लिंक जोडा, एबीएसची तार चिमट्यात बसवा.

मामांचा प्रश्न

गाडी वर असते तेव्हा चाक लोंबतं आणि आर्म खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळला की आतली नळी त्या झुकलेल्या कोनात जखडली जाते. मग गाडी खाली आली की आर्म वर जातो आणि रबर पिळलं जातं. गाडी दारात नुसती उभी असली तरी रबर पिळलेलंच. धुतलेला पंचा पिळून तसाच दोरीला बांधून ठेवला तर धागे किती दिवस टिकतील? त्यात गतिरोधक उतरताना आर्म आणखी वर जातो, पीळ आणखी वाढतो. माझा बुश चार महिन्यांत का फाटला ते मामांनी एका प्रश्नात ओळखलं, कारण तो सरळ तुटला नव्हता, एकाच दिशेनं गोल चिरलेला होता.

म्हणून आर्म त्या उंचीला आणायचा जिथं तो रोज राहतो, आणि मग आवळायचा. घरी मी असं करतो: स्टँड जागेवर असू द्यायचे, जॅक आर्मच्या टोकाशी, बॉल जॉइंटच्या जवळ पण बुटाला न लागता, फळी घालून लावायचा आणि हळूहळू उचलायचा. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरायचा. चौकटीवर लिहिलेलं माप आलं की थांबायचं. त्या मापाच्या आसपास गाडी स्टँडवरून किंचित हलकी होऊ लागते, तिथं सावध. स्टँडवरून उचलायची नाही. माप यायच्या आधीच गाडी हलू लागली तर जॅक खाली घ्या आणि दुसरी पद्धत वापरा: चाकं बसवा, चारही चाकांखाली सारख्या उंचीच्या रुंद, भक्कम फळ्या ठेवून गाडी त्यावर उतरवा, बोनेट दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे स्प्रिंग मूळ जागी बसेल, आणि बाजूनं हात घालून बोल्ट टॉर्कला आवळा. ही पद्धत जास्त खरी, पण बोल्टपर्यंत पान्याचा हात पोचायला हवा.

दोन्ही बाजूंचे दोन्ही बुश याच अवस्थेत आवळायचे. झाल्यावर प्रत्येक बोल्ट आणि नटावरून रंगाची एक सरळ रेघ ओढा.

कधी गॅरेजात काम द्यायची वेळ आली तर भांडू नका, फक्त म्हणा, “दादा, बुशाचा बोल्ट गाडी खाली घेऊन आवळा बरं का.” चांगला मिस्त्री हसून ‘हो’ म्हणेल. “कामून?” असं विचारणाऱ्याला पंच्याचं उदाहरण द्या.

रस्त्यावर जायच्या आधी

चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमानं, समोरासमोरचे आवळत या. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून ब्रेकची नळी आणि तार कुठं घासत नाही ना ते पहा. गल्लीतच २०च्या वेगानं जाऊन दोन-चारदा ब्रेक मारा, रिव्हर्समध्येही. ठोका आला तर परत घरी.

आर्म बदलला की चाकाचा कोन थोडा तरी बदलतोच, म्हणून अलाइनमेंट त्याच आठवड्यात करून घ्या. अलाइनमेंटवाल्याला आधी सांगा की आर्म नवे आहेत. स्टिअरिंग सरळ असताना चाकं तिरकी दिसली तर घाबरू नका, टो (वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) बिघडलेला असतो, तो टाय रॉडवर जुळतो. अलाइनमेंटशिवाय हजार किलोमीटर फिरलात तर टायरची कड सांगेल.

बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या चासीच्या गाड्या असणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. त्यांत पुढं वर-खाली दोन आर्म असतात आणि मॉडेलप्रमाणं टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) किंवा कॉइल स्प्रिंगचा सगळा जोर खालच्या आर्मवर येतो. तिथं खालचा बॉल जॉइंट तपासताना जॅक खालच्या आर्मखालीच, बॉल जॉइंटच्या जवळ लावावा लागतो. नाहीतर स्प्रिंग त्याला ताणून धरते आणि ढिलाई दिसतच नाही. खोलताना तो जोर मोकळा सुटला तर हाड मोडतं. टॉर्शन बार सैल करताना त्याच्या बोल्टचे फेरे मोजून लिहावे लागतात, नाहीतर नंतर गाडीची उंची डावी-उजवी होते. हे काम घरी करू नका असंच मी सांगेन. ग्रीसचं निपल असलेल्या बॉल जॉइंटना मात्र सर्व्हिसच्या वेळी ग्रीस भरायला विसरू नका. बूट किंचित फुगलं की थांबायचं, फुटेपर्यंत नाही.

५० ते १०० किलोमीटर झाल्यावर गाडी परत उचलून रंगाच्या रेघा बघा. रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट सरकलाय. गाडी खाली घेऊन पुन्हा टॉर्कला आवळा. बुटांवर ग्रीसचा ओघळ आहे का तेही पहा. माझ्या डाव्या बाजूच्या रेघा पुढच्या पोळ्याला पाहिल्या तेव्हा सरळ होत्या आणि रबर अखंड होतं. आवाज एक अजून आहे, बारीक खडखडीचा, उजवीकडून. ती लिंक रॉड आहे, या रविवारी काढतो.